थेट

शेळगावच्या चौकात माझा फ्लेक्स लागला तेव्हा मी बारामतीत होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. गुरुवारी संध्याकाळी एसटीतून उतरले तर समोर मीच. चांगली दहा फूट रुंद. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो कुणीतरी उचलला होता, मला पीठ लावल्यासारखं गोरं केलं होतं आणि अंगावर कुठल्या तरी परक्या बाईचा काळा झगा आणि चौकोनी टोपी चढवली होती. मधोमध एक ओळ: 'आमची प्रगती थेट पीएचडी करणार!' त्यातला 'थेट' हा शब्द बाकीच्यांच्या दुप्पट मोठा, पिवळा, लाल किनारीचा. खाली शुभेच्छुकांची रांग, नऊ जण, त्यांतले सात गॉगल लावलेले. पहिला फोटो माझ्या चुलत्याचा, गेणबा तात्यांचा. तात्या यंदा विकास सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहणार होते, त्यामुळं त्यांचा फोटो माझ्या फोटोहून लहान असण्याचं काही कारण नव्हतं.

सगळ्यात खाली लिहिलं होतं: भव्य सत्कार, रविवार, सायंकाळी पाच, मारुती मंदिराचा सभामंडप.

मला इतका राग आला की पिशवी खाली ठेवून मी तिथंच उभी राहिले. निवड झाली होती, हे खरं. बंगळूरच्या एका मोठ्या संस्थेनं बीएस्सीनंतर थेट पीएचडीसाठी चौदा पोरं घेतली होती, त्यांत माझं नाव होतं. पण मी जाणार असं मी कुणालाही म्हणाले नव्हते. होय की नाही ते कळवायला सोमवारपर्यंत मुदत होती आणि माझं उत्तर जवळजवळ ठरलं होतं. ते 'नाही' होतं.

'नाही' का, ते नीटच सांगते. अर्धवट सांगितलं की लोकांना वाटतं पोरगी घाबरली.

मुलाखतीला पाच जण बसले होते. चौघांच्या प्रश्नांना मी फाडफाड उत्तरं दिली. पाचवी एक बाई होती, पांढऱ्या केसांची, हातात चहाचा कागदी कप. तिनं मला फळ्यावर एक प्रमेय सिद्ध करायला सांगितलं. तीन वर्षांत ते मी निदान पाच परीक्षांत लिहिलं असेल. त्याची सुरुवातच 'फायनाइट' या शब्दानं होते, म्हणजे मोजून संपणारं. साध्या भाषेत सांगायचं तर, मोजून संपणाऱ्या संख्यांचा एखादा संच असेल आणि त्यात गुणाकार नीट चालत असेल, तर भागाकारही चालतोच. मी धडाधड सगळं लिहून काढलं, खाली सिद्धता संपल्याचा चौकोन काढला आणि खडू ठेवला.

बाई उठली. तिनं 'फायनाइट' हा एक शब्द बोटानं पुसला आणि विचारलं, "आता काय मोडतं?"

मला काहीच सुचेना. काहीतरी मोडत असणार हे कळत होतं, नाहीतर तो शब्द तिथं कशाला ठेवला असता? पण कुठं मोडतं ते सांगता येईना. तीन वर्षं विद्यापीठात वरच्या पाचांत आलेली मी फळ्यावरच्या त्या पुसलेल्या जागेकडं बघत राहिले. बाईनं शांतपणे चहा संपवला आणि "ठीक आहे" म्हणाली.

उत्तर मला परतीच्या गाडीत सापडलं, सोलापूरच्या अलीकडं. एक, दोन, तीन, चार. आपले साधे पूर्णांक. ते कधी संपत नाहीत. आता दोनाला कुठल्या पूर्णांकानं गुणलं की एक येतो? कुठल्याच नाही. त्याला अर्धा लागतो आणि अर्धा काही पूर्णांक नाही. झालं, मोडलं. चौथीतल्या पोराला येईल असं उत्तर, आणि ते माझ्या तोंडाशी आलं नव्हतं. डब्यातल्या लोकांसमोर मी रडले. समोरच्या म्हातारीनं मला चिवडा दिला आणि विचारलं, कुणी गेलं का. मी नाही म्हणाले.

त्या गाडीत मला कळलं की मला गणित येत नाही. मला गणिताची उत्तरपत्रिका लिहिता येते.

तरी त्यांनी मला घेतलं. लेखी परीक्षेचे गुण चांगले होते. पण तिथं पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू होतात ते मी कधी न बघितलेल्या जागेपासून, वर्ष संपलं की पात्रता परीक्षा, ती दोनदा हुकली की घरी, हातात एमएस्सीचा कागदसुद्धा नाही. हे मी त्यांच्या नियमांत तीनदा वाचलं. आणि दुसरीकडं हैदराबादच्या एमएस्सीच्या यादीतही माझं नाव लागलं होतं. दोन वर्षं. त्यांचा अभ्यासक्रम मी उघडून बघितला तर पहिल्या सत्रात पायापासून सुरुवात, दर आठवड्याला पोरांनी फळ्याशी उभं राहून सोडवायची गणितं. विद्यावेतन नाही. फ्लेक्स लावण्यासारखं काही नाही. मला तेच हवं होतं.

त्या पांढऱ्या केसांच्या बाईंना मी मेल करून विचारलं होतं, दोन वर्षांनी आले तर? दोन ओळींचं उत्तर आलं. पुन्हा परीक्षा, पुन्हा मुलाखत. जागा राखून ठेवत नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण उलट बरं वाटलं. निदान कुणीतरी गोड बोललं नाही.

शुक्रवारी मी बारामतीला परत गेले ते खोमणे सरांना सांगायला. सर आमच्या कॉलेजात गणिताचे विभागप्रमुख. बंगळूरचा अर्ज त्यांनीच शेजारी बसून भरून घेतला होता, शिफारसपत्र त्यांनीच लिहिलं होतं. त्यांना आधी सांगितलं नसतं तर मी नालायक ठरले असते.

सर रिकाम्या वर्गात उत्तरपत्रिका तपासत होते. माझं ऐकून त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं.

"बावीस वर्षं शिकवतोय मी इथं," ते म्हणाले. "बावीस वर्षांत पहिली मुलगी तिथं निवडली गेली. आणि ती म्हणते, मी एमएस्सी करते. अगं, एमएस्सी तर इथंही आहे!"

"सर, मला पाया पक्का करायचाय."

"तो तिथं गेल्यावर होतो. पाण्यात पडल्यावर सगळेच हातपाय मारतात."

"आणि बुडतात ते?"

सर चिडले. म्हणाले, मुलींमध्ये हा आत्मविश्वासाचा प्रश्न असतो, मी बघत आलोय. ते ऐकलं आणि माझा पारा चढला. आत्मविश्वास नसता तर चौदातली एक जागा मी सोडली असती का? घाबरलेला माणूस मिळेल ते घट्ट धरून बसतो. हे सगळं मी बोलले, बरंच मोठ्यानं बोलले. मग त्यांना मुलाखतीतला प्रश्न सांगितला.

"सर, तीन वर्षांत तुम्ही आम्हाला एकदाही हे का नाही विचारलं? शब्द काढला तर काय मोडतं, एवढंच."

"परीक्षेला येत नाही," सर चटकन म्हणाले. मग डस्टर उचलून हातातल्या हातात फिरवत राहिले. त्यांच्या शर्टाच्या बाहीला खडू लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मला वाईट वाटलं. साठ पोरांचा वर्ग, त्यातली चाळीस नुसती पास व्हायला आलेली, हे काय मला माहीत नव्हतं?

"रविवारी मी प्रमुख पाहुणा आहे," शेवटी ते म्हणाले. "तुझ्या चुलत्यांनी फेट्याचा रंग विचारलाय."

"सर, तुम्ही या. फेटा बांधून घ्या. पण मी सोमवारची वाट बघणार नाही."

 सरांनी पुढची उत्तरपत्रिका ओढली.

घरी सांगायचं राहिलं होतं. शनिवारी सकाळी आम्ही तिघंही बागेत होतो. आमची डाळिंबाची तीनशे झाडं, भगव्या वाणाची, लावून दीड वर्ष झालेलं. या वयात झाडाला कळी यायला लागते, लालभडक, बघत राहावी अशी. आणि ती काढून टाकायची असते. एकही ठेवायची नाही. दोन वर्षं झाड नुसतं वाढू द्यायचं, खोड धरू द्यायचं, मग बहार धरायचा, म्हणजे फळ घ्यायचं. माझे वडील, आण्णा, त्या बाबतीत फार कडक. गावात त्यांना रावजी डाळिंबवाला म्हणतात. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री. तिच्या वजनानं प्रत्येक सदऱ्याचा डावा खिसा फाटलेला. ती कात्री ते कुणाला देत नाहीत, आईलासुद्धा नाही. धार जाते म्हणतात.

एका ओळीत आण्णा, मधल्या ओळीत आई, पलीकडं मी. कोवळी कळी हातानंच खुडायची. पायाखाली लाल सडा पडत होता.

"आण्णा, मी बंगळूरला न्हाय जात," मी झाडाआडून म्हणाले.

त्यांचा हात थांबला नाही. "मग कुठं जाती?"

"हैदराबादला. एमएस्सी करते. दोन वर्सं. त्यानंतर पीएचडी."

"आन बंगळूरवालं जागा ठिवनार हायती व्हय तुज्यासाठी?"

"न्हाय. पुन्हा परीक्षा द्यायची. पुन्हा मुलाखत."

आता हात थांबला. "म्हंजी मिळालेलं सोडायचं आन पुन्हा मागायला जायचं. गाडी दारात हुबी हाय आन ही म्हंती मी चालत येते. सर काय म्हनलं?"

"चिडले."

"चिडनारच. शानं मानूस हाय ते."

मग आई बोलली. माझी आई, रतन, सातवी शिकलेली, आणि आमच्या घरात पुढचं सगळ्यात आधी तिला दिसतं. ती माझ्या जवळ आली, हातातल्या कळ्या ओच्यात टाकल्या.

"पगे, माजं ऐक. गनितातलं मला काय कळत न्हाय. पर पीएचडी म्हंजी पाच वर्सं. पाच वर्सं तुला कुनी इचारनार न्हाय. पोरगी मोठ्या जागी हाय, सरकार पगार देतंय म्हनलं की पावनं गप बसत्यात. एमएस्सी म्हनलं की लोक बोटावर दोन वर्सं मोजत्यात. तात्यांनी लोणी भापकरचं स्थळ आनून ठिवलंय, तुला ठाव न्हाय. त्यो फ्लेक्स लागला म्हनून तर त्येंनी तोंड मिटलंय. तू त्यो फ्लेक्स पाडू नगंस, बाय."

सगळ्यात जास्त मला हे लागलं, कारण ते खरं होतं. सरांना उत्तर देता आलं होतं. आईला काय उत्तर देणार? ती मला माझ्यासाठीच पाच वर्षं मिळवून देत होती. पण ती पाच वर्षं मी फळ्यापुढं गप्प उभी राहून काढणार होते, आणि ते मला मरणाहून नकोसं होतं. मी त्या दोघांना मुलाखतीचं सगळं सांगितलं. बाईनं बोटानं पुसलेला शब्द, दोनाचा अर्धा, सोलापूरची गाडी, सगळं. आण्णा ऐकत होते की नाही कळत नव्हतं, ते खाली वाकून खोडाशी काहीतरी बघत होते.

"ही कळी का काढताय आण्णा?" मी विचारलं.

"का म्हंजी? झाड ल्हान हाय."

"धरली तर फळ यील की."

"यील. आन झाड जाईल. भिमाचं बघ की." बांधापलीकडं भिमा काकांची बाग होती. त्यांनी दुसऱ्याच वर्षी बहार धरला होता. लिंबाएवढी फळं आली, फांद्या वाकल्या, बांबूचे टेकू दिले, आणि पुढच्या वर्षी निम्मी झाडं उभी वाळली. आण्णांनी त्यावरून त्यांना वर्षभर सोडलं नव्हतं.

"मग माजीच कळी धरायची एवढी घाई का झालीया सगळ्यांना?"

आण्णा सरळ उभे राहिले. कपाळावरची शीर उभी. मला वाटलं आता ऐकून घेतील, पण ते म्हणाले, "झाडाचं झाडापाशी. मानसाचं न्यारं असतं. झाडाला कुनी फ्लेक्स लावत न्हाय." आणि ओळ अर्धी टाकून पाण्याच्या मोटारीकडं निघून गेले. अर्धी ओळ टाकून गेलेले आण्णा मी आजवर पाहिले नव्हते. उरलेली कळी आई आणि मी काढली.

रविवारी दुपारी मी शाळेच्या भिंतीशी गेले, तिथं रेंज चांगली येते. संस्थेचं पान उघडलं. 'स्वीकार' आणि 'नकार' अशी दोन बटणं शेजारी शेजारी. नकार दाबला तर पुन्हा विचारलं, नक्की? हा निर्णय बदलता येणार नाही.   भीती वाटली नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल. दोन वर्षांनी त्या बाई पुन्हा चहाचा कप घेऊन बसतील आणि 'नाही' म्हणतील, तर मग काय? तर मग नाही. पण त्या वेळी मला कळलेलं तरी असेल की काय मोडलं. मी दाबलं. मग हैदराबादचं पान उघडून तिथं स्वीकार दाबला आणि घरी जाऊन सत्काराची साडी नेसले.

सत्कार आधी सांगून मोडता आला असता. पण मग तात्यांनी 'तब्येतीच्या कारणास्तव' असं काहीतरी गावाला सांगितलं असतं आणि फ्लेक्स तसाच राहिला असता. मला ते नको होतं. गावानं माझं नाव माझ्या परवानगीशिवाय चौकात टांगलं होतं, तर उत्तरही चौकातच मिळायला हवं.

सभामंडप भरला होता. मंडपासमोरच चौक, चौकात फ्लेक्स, त्यामुळं बोलणाऱ्याला समोर मी आणि लोकांच्या पाठीमागच्या फ्लेक्सवरही मी दिसत होते. खोमणे सरांना भगवा फेटा बांधला होता, तो त्यांना जरा मोठा झाला होता. तात्या पंचवीस मिनिटं बोलले. थेट हा शब्द अकरा वेळा आला, मी मोजले. "आमच्या पोरीनं मधल्या पायऱ्या चढल्याच न्हाईत! थेट!" असं म्हणून त्यांनी हात वर केला तेव्हा टाळ्या पडल्या. मग मला शाल, श्रीफळ, आणि माईक.

"राम राम," मी म्हणाले. माझा आवाज भोंग्यातून मलाच परका वाटला. "तुमी एवढं केलं त्याबद्दल उपकार हायती. पर मी थेट पीएचडीला जात न्हाय. दुपारी एक वाजता मी त्यांना नाही म्हनून कळवलं. आता त्ये बदलत न्हाय."

भोंगा किंचाळला, कुणीतरी माईकचा आवाज कमी केला. मंडपात मागं कुणाच्या तरी मोबाइलवर चाललेली क्रिकेटची कॉमेंटरी ऐकू यायला लागली.

"मी हैदराबादला एमएस्सी करनार हाय. दोन वर्सं. मला मुलाखतीत एका साध्या प्रश्नाचं उत्तर आलं न्हाय. मला त्ये पाठ होतं, कळलं नव्हतं. तात्या म्हनले मी मधल्या पायऱ्या चढले न्हाय. बरोबर हाय. त्या मला चढायच्या हायती. पीएचडी मी करनारच, त्याचं कुनी मनात आनू नका. दोन वर्सांनी पुन्हा परीक्षा दीन. तवा न्हाय मिळाली तर पुन्हा दीन."

तात्या उठले. चेहरा लालबुंद. "रावजी, ही काय बोलतीया? सर, तुमी तरी सांगा हिला!"

सरांनी फेटा सावरला. "मी सांगितलं होतं," ते म्हणाले. "तिनं मला उलट एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही."

"आन ह्या फ्लेक्सचं काय करायचं? सगळ्या तालुक्यानं बघितलाय! शेळगाव खोटं पडलं की! काढा रं त्यो फ्लेक्स, आत्ताच्या आत्ता काढा!" दोन कार्यकर्ते उठलेसुद्धा.

"थांबा," मी माईकमध्येच ओरडले. "फ्लेक्स खोटा न्हाय. त्यातला एकच शब्द खोटा हाय."

हे बोलताना पुढं काय करायचं ते माझं ठरलेलं नव्हतं. ते पायांनी ठरवलं. मी खाली उतरले, पुढच्या रांगेतली एक प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, शाल खांद्यावर तशीच, आणि दहा पावलांवर फ्लेक्सखाली नेऊन ठेवली. लोक वळून बघायला लागले. आण्णा बायकांच्या आणि पुरुषांच्या मधल्या वाटेत, खांबाला टेकून उभे होते. शनिवारपासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"आण्णा," मी म्हणाले, "सिकेटर द्या."

गावात सगळ्यांना माहीत आहे की रावजी सिकेटर देत नाही. भिमा काकांना तर चांगलंच माहीत होतं, त्यांना एकदा दिली नव्हती म्हणून दोन महिने अबोला होता. सगळं गाव आण्णांकडं बघत होतं, तात्यासुद्धा. आण्णांनी आधी फ्लेक्सकडं पाहिलं, वरपासून खालपर्यंत, जणू पहिल्यांदाच वाचताहेत. मग फाटक्या खिशात हात घातला, कात्री काढली, तिची कडी अंगठ्यानं सोडली आणि माझ्या हातात दिली.

"जपून," ते म्हणाले. "धार हाय." आणि वाकून त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले.

मी वर चढले. टोकानं भोक पाडलं आणि कापायला सुरुवात केली. जाड कापड, कात्रीला ते सवयीचं नव्हतं, पण आण्णांची धार खरंच धार होती. वरून, डावीकडून, खालून, उजवीकडून. पिवळा, लाल किनारीचा 'थेट' सुटला आणि माझ्या पायावरून खाली पडला. त्या जागी चौकोनी भोक झालं आणि त्यातून पलीकडची पिठाची गिरणी दिसायला लागली.

"रावजी, अरं पोरीला आवर!" तात्या म्हणाले. "लोणी भापकरच्या पावन्यांना मी आता काय तोंड दाखवू?"

आण्णा काही बोलायच्या आत बायकांमधून आवाज आला. आई उभी राहिली होती. डोक्यावरचा पदर नीट, पण आवाज अजिबात पदराआड नाही. थोरल्या दिरासमोर ती आजवर कधी एवढ्या मोठ्यानं बोलली नव्हती.

"त्येंना सांगा, दोन वर्सं हिकडं फिरकायचं न्हाय," ती म्हणाली. "आन दोन वर्सांनी बी आदी पोरीला इचारायचं. आमच्या घरात ल्हान झाडाची कळी धरत न्हाईत."

तात्यांनी आण्णांकडं पाहिलं. झाडाचं झाडापाशी म्हणणारे आण्णा. मी खुर्चीवर उभी, हातात त्यांची कात्री. आता ते आईला गप्प बस म्हणाले असते तर माझी हैदराबादची दोन वर्षं नुसती भांडणात गेली असती, हे मला कळत होतं.

आण्णांनी खुर्ची सोडली नाही. फक्त मान वर केली आणि फ्लेक्स मोठ्यानं वाचायला लागले. ते चौथीपर्यंत शिकलेत, एकेका अक्षरावर थांबून वाचतात. "आमची... प्रगती..." भोकाशी ते थांबले, गिरणीकडं बघितलं आणि ती जागा ओलांडून पुढं गेले. "...पीएचडी... करणार."

मग ते भावाकडं वळले.

"काय मोडलं, तात्या?" ते म्हणाले. "सांग की. काय मोडलं?"

तात्यांनी भोकाकडं पाहिलं. मी कात्रीची कडी लावली आणि खाली उतरले.